बाळाची पहिली शी

बाळ जन्मले की त्याचे वजन किती, रंग कसा, नाक कोणावर गेले, याची चर्चा घरात रंगते. बाळाने पहिली शी कधी केली, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. वास्तविक आतडी नीट घडली आहेत की नाहीत, याची पहिली खूण त्या काळपट, चिकट शीतूनच मिळते. पूर्ण दिवसांचे निरोगी बाळ ती बहुधा २४ तासांत करते. ४८ तास उलटूनही ती झाली नाही, तर कारण शोधलेच पाहिजे.

असे एक कारण म्हणजे हिर्शस्प्रुंगचा आजार. डॅनिश बालरोगतज्ज्ञ हॅरल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. सुमारे ५,००० बाळांमागे एकास होणारा हा जन्मजात दोष मुलग्यांत अधिक आढळतो. गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत चेतापेशी आतड्याच्या वरच्या टोकाकडून खाली उतरत जातात. हा प्रवास मध्येच थांबला, तर खालचा भाग चेतापेशींविना राहतो. तो सैल पडत नाही; परिणामी मळ अडतो आणि वरचे आतडे फुगते.

अशा वेळी 'गॅस धरला असेल' असे म्हणून बाळगुटी दिली जाते किंवा विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून वापरला जातो. देठाने कधी कधी शी होतेही. पण त्यामुळे आजार झाकला जातो आणि मोलाचे दिवस निघून जातात. पोट फुगणे, ताप आणि दुर्गंधीयुक्त जुलाब एकत्र दिसले, तर आतड्याला जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. तो जिवावर बेतू शकतो.

दुसरी खूण उलटीच्या रंगाची. दूध प्यायल्यावर थोडी पांढरी गुळणी येणे स्वाभाविक आहे. हिरवी उलटी मात्र कधीही स्वाभाविक मानू नये. तो रंग पित्ताचा असतो. जन्मतः आतड्याची ठेवण चुकलेली असेल, तर त्याला पीळ पडून रक्तपुरवठा तुटू शकतो. मग काही तासांतच आतडे निकामी होते. म्हणून हिरवी उलटी दिसताच, रात्र असली तरी, बाळाला रुग्णालयात न्यावे.

हिर्शस्प्रुंगच्या आजाराचे निदान आतड्याचा सूक्ष्म तुकडा तपासून पक्के होते. बालशल्यचिकित्सक सदोष भाग काढून निरोगी आतडे खाली जोडतात. काही बाळांना तत्पूर्वी पोटावर शीसाठी तात्पुरती वाट करून द्यावी लागते. पुढेही नियमित तपासणी आवश्यक असते. तथापि बहुतेक मुले चांगली वाढतात.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी मनाशी पक्की धरावी. ग्रहणात आईने काही चिरले किंवा अमुक पदार्थ खाल्ला, म्हणून हे दोष उद्भवत नाहीत. ओल्या बाळंतिणीला बोल लावण्यापेक्षा तिचे म्हणणे ऐकावे. बाळाचे काहीतरी बिनसले आहे, हे बहुधा तिलाच आधी उमगते.