रात्रीची झाकपाक – संगणकाचीही!

रात्रीचे साडेदहा. ओटा आवरला, दुधाला विरजण लावलं. आता संगणक बंद केला की पाठ टेकायची. पण 'शट डाउन' दाबलं तरी पडद्यावरचं ते चक्र आपलं गरगरतंच आहे! गेल्या महिन्यात मी अशीच वैतागले आणि सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. आमच्या १२ जणींच्या भिशीच्या हिशेबाची फाईल उघडीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी ती उघडेचना! चिठ्ठ्या शोधून, मैत्रिणींना विचारून हिशेब पुन्हा मांडायला चार दुपारी गेल्या. शिवाय लाजिरवाणं झालं ते वेगळंच.

शेजारच्या वहिनी कॉलेजात संगणक शिकवतात. त्या म्हणाल्या, "अहो, तो आळस नाही करत. बंद होताना तो प्रत्येक उघड्या प्रोग्रॅमला 'आवरा' म्हणतो आणि थोडा वेळ थांबतो. पसारा जास्त, तर वेळ जास्त."

म्हणजे स्वयंपाकघरासारखंच की! त्यांनी सांगितलेल्या या गोष्टी विंडोजच्या संगणकासाठी:

१. आधी काम 'सेव्ह' करा. मग सगळ्या खिडक्या स्वतः मिटवा.

२. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातल्या 'स्टार्टअप'मध्ये आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम दिसतात. नको ते 'डिसेबल' करा. व्हायरसपासून राखण करणाऱ्याला मात्र हात लावू नका. जे ओळखीचं नाही, तेही राहू द्या.

३. 'अपडेट अँड शट डाउन' असं दिसलं, तर वेळ लागणारच. ते काम निवांत दुपारी उरका. वीज जाण्याच्या वेळी नको. मध्येच बटण तर मुळीच बंद करू नका.

४. आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करा. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर नुसत्या 'शट डाउन'ने संगणक पुरता मिटत नाही, 'रीस्टार्ट'ने मिटतो.

५. संगणक जुना असेल, तर हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवून घ्या. उघडणं-मिटणं दोन्ही झटपट होतं.

थांबण्याची मुदतच कमी करून टाकण्याची युक्तीही कुणी सुचवील. तिच्या नादी लागू नका. चार सेकंद वाचतील, पण अर्धवट लिहिलेलं काम बुडेल. बटण दाबून धरणं हा शेवटचा उपाय. संगणक अगदी गोठून बसला तरच.

आता मी दाराला कडी लावून येईपर्यंत आमचा संगणक मिटलेला असतो. आणि भिशीचा हिशेबही जागच्या जागी!