स्वयंपाकघरातील घटिकापात्र : अंकीय टायमरची निवड व उपयोग

लग्नमुहूर्ताची वेळ मोजण्यासाठी घटिकापात्र मांडण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ होती. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवीत. छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरे. वाटी भरून बुडाली म्हणजे एक घटिका, अर्थात २४ मिनिटे, पूर्ण झाली असे समजत. या साधनात एक अडचण होती. वाटी केव्हा बुडते हे पाहत कोणाला तरी घंगाळाजवळ बसून राहावे लागे.

आजच्या स्वयंपाकघरातील अंकीय टायमर हे त्याच जातीचे साधन होय. फरक इतकाच की, घटिका भरल्याची वर्दी तो स्वतः देतो. हे साधन लहान व स्वल्प किमतीचे असले, तरी ते डोळसपणे निवडले आणि योग्य क्षणी सुरू केले, तरच त्याचा खरा उपयोग होतो.

स्फटिकाचे स्पंदन

बहुतेक अंकीय टायमरांच्या अंतर्भागी क्वार्ट्झचा एक अतिशय लहान स्फटिक असतो. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत्‌भार निर्माण होतो, हे झाक व प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. या आविष्काराला दाबविद्युत् म्हणतात. याच्या उलट, अशा स्फटिकाला विद्युत्‌दाब लावल्यास त्याचा आकार किंचित बदलतो. या गुणधर्माच्या साहाय्याने स्फटिकाला नियमितपणे कंप पावत ठेवता येते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९२७ साली वॉरन मॅरिसन व जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी याच तत्त्वावर क्वार्ट्झचे घड्याळ तयार केले.

टायमरमधील स्फटिक सामान्यतः सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या सहज निवडलेली नाही. तिची निम्मी, त्याची पुन्हा निम्मी, असे पंधरा वेळा केले असता नेमका १ उरतो. विद्युत्‌मंडल हेच काम करते व दर सेकंदाला एक ठोका मोजते. अशा स्फटिकात दिवसभरात साधारणतः एक-दोन सेकंदांची चूक संभवते. म्हणजे दहा मिनिटांच्या मोजणीत ती सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास राहील. भात शिजविण्याच्या दृष्टीने ही चूक शून्यवतच मानावयास हरकत नाही. तेव्हा केवळ ‘अचूकते’साठी अधिक किंमत मोजण्याचे कारण नाही. शंका वाटल्यास टायमर एक तासावर लावून मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहावा.

निवड करताना

पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे मोजणीची मर्यादा. कित्येक टायमर ९९ मिनिटे ५९ सेकंदांपलीकडे मोजू शकत नाहीत. परंतु शिजविलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. हे दोन तास ज्याला मोजता येत नाहीत, तो टायमर एका महत्त्वाच्या कामाला निरुपयोगी ठरतो. म्हणून तास, मिनिटे व सेकंद असे तिन्ही अंक दाखविणारा टायमर घ्यावा.

दुसरी गोष्ट आवाजाची. टायमरचा आवाज बहुधा सिरॅमिकच्या पातळ चकतीतून निघतो आणि तोही दाबविद्युतेचाच खेळ असतो. हा स्वर उंच पट्टीतील असतो. वाढत्या वयात प्रथम उंच पट्टीतील ध्वनीच ऐकू येईनासे होतात, त्यामुळे तरुणाला कर्कश वाटणारा टायमर त्याच्या आजीला ऐकूच येत नाही, असे घडू शकते. म्हणून घरात जो स्वयंपाक करतो, त्याने स्वतः आवाज ऐकून मगच टायमर घ्यावा. मिक्सर व पंखा चालू असतानाही तो ऐकू यावयास हवा. काही टायमर थोडा वेळ वाजून आपोआप गप्प होतात. शून्य आल्यानंतर पुढील वेळ मोजत राहणारा टायमर अशा वेळी फार उपयोगी पडतो, कारण किती उशीर झाला हे त्यावरून कळते.

टायमरची कळ पिठाच्या हातानेही दाबता यावी, इतकी मोठी असावी. एकाच वेळी दोन-तीन पदार्थ चुलीवर असतील, तर स्वतंत्र मोजण्या करणारा टायमर सोयीचा असतो. पाठीमागील चुंबकाने तो फ्रिजच्या दारावर लावता येतो. शेगडीच्या वर मात्र तो लावू नये. अंक दाखविणारी द्रवस्फटिकाची पट्टी उष्णतेने काळी पडते आणि वाफ आत शिरून मंडल बिघडते.

सर्वांत महत्त्वाची बाब विद्युत्‌घटाची. पुष्कळ टायमरांत गुंडीसारखा चपटा घट असतो. लहान मुलाने तो गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या दोन तासांत तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. नाण्याच्या आकाराचे लिथियम घट यात विशेष घातक आहेत. अशी नुसती शंका आली तरी मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. घरात लहान मूल असल्यास पेन्सिल घटावर चालणारा, आणि घटाचे झाकण स्क्रूने घट्ट बसविलेला टायमरच घ्यावा.

मोजणी कोठून सुरू करावी ?

टायमर वेळ मोजतो, पदार्थ शिजला किंवा नाही हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे खरी चूक यंत्रात न होता आरंभबिंदूत होते.

प्रेशर कुकरचे उदाहरण घ्यावे. आपल्याकडे शिट्ट्या मोजण्याची सवय आहे. परंतु शिट्टी म्हणजे आतील जादा वाफ बाहेर पडल्याची खूण, वेळेचे माप नव्हे. आच मोठी असेल तर शिट्ट्या लवकर होतात, लहान असेल तर उशिरा. पूर्ण दाबाखाली कुकरमधील तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस असते आणि त्या तापमानात अन्न किती वेळ राहिले, यावरच शिजणे अवलंबून असते. म्हणून पूर्ण दाब येताच आच मंद करावी व त्या क्षणी टायमर सुरू करावा.

पिण्याचे पाणी उकळतानाही हाच नियम लागू पडतो. भांडे चुलीवर ठेवल्यापासून मोजणी करू नये, पाणी खळखळून उकळू लागल्यापासून करावी. तेथून एक मिनिट पुरेसे होते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरांहून अधिक उंचीवर मात्र तीन मिनिटे उकळावे, कारण उंचीबरोबर हवेचा दाब घटतो व पाणी कमी तापमानात उकळते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे पाणी जवळजवळ ८८ अंशांवरच उकळते. मुंबईच्या घरात बसविलेले शिजविण्याचे वेळापत्रक तेथे चालणार नाही. राजमा तर अशा ठिकाणी उघड्या भांड्यात शिजवूच नये. अर्धवट शिजलेल्या राजम्यातील विषारी द्रव्याने वांत्या व जुलाब होतात. तो भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्येच शिजवावा.

दूध उतू जाण्याचा प्रसंग क्षुल्लक समजला जातो. तथापि उतू गेलेल्या दुधाने ज्योत विझली, तरी गॅस वाहतच राहतो. सिलिंडरमधील गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो व ठिणगी पडताच पेट घेतो. चुलीवर दूध असताना बाहेर जाणे भागच पडले, तर अपेक्षित वेळेपेक्षा दोन मिनिटे कमी लावून टायमर बरोबर न्यावा. बंद स्वयंपाकघरात एकटाच वाजणारा टायमर कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

शेवटी, टायमरशेजारी एक लहान वही ठेवावी. कोणत्या डाळीला, किती पाण्यात, पूर्ण दाब आल्यापासून किती मिनिटे लागली, याची नोंद करीत जावे. महिन्याभरात त्या घरापुरते, त्या चुलीपुरते आणि त्या गावच्या उंचीपुरते विश्वसनीय कोष्टक तयार होईल. असे कोष्टक कोणत्याही पाकपुस्तकात मिळणार नाही. शिवाय आच वेळेवर बंद झाल्याने इंधनाची बचत होईल, ती वेगळीच.