उपग्रहाला शिडी कोण लावणार?

दिवाळीत दिग्रसच्या बाजारातून आणलेली जुन्या पद्धतीची दिव्यांची माळ आठवा. एक दिवा गेला की सारी माळ अंधारात! मग शिडीवर चढून एकेक दिवा तपासत बसायचे. आता हीच माळ ३५,८०० किलोमीटर उंचीवर टांगली आहे असे समजा. दूरदर्शनचे कार्यक्रम देशातील लहान गावांपर्यंत पोचवणारा इन्सॅट-१ बी ३० ऑगस्ट १९८३ रोजी अवकाशात गेला, तेव्हा त्याने ७ वर्षे काम करावे अशी अपेक्षा होती. तेथे शिडी लावणार कोण?

समजा, एखादा इलेक्ट्रॉनिक घटक ७ वर्षे टिकण्याची संभाव्यता ०.९९९ आहे. हजारांत एकच निकामी होणार, उत्तमच म्हणायचे! पण असे १,००० घटक माळेसारखे एकापुढे एक जोडले, तर सगळे टिकण्याची संभाव्यता ०.९९९ चा हजारावा घात, म्हणजे अवघी ०.३७ येते. (स्वतः करून पाहा. माझ्या वर्गात यावर कोणी चटकन विश्वास ठेवत नाही.)

पण ०.९९९ हा आकडा यायचा कोठून? त्यासाठी ७ वर्षे थांबायला सवड नसते. म्हणून पुष्कळसे घटक, वीजप्रवाह चालू ठेवून, भट्टीत तापवतात आणि किती गळतात ते मोजतात. घटक खराब करणाऱ्या अनेक रासायनिक क्रिया उष्णतेने जलद होतात. ढोबळमानाने दर १० अंशांना वेग दुप्पट धरला, तर ५५ ऐवजी १२५ अंश सेल्सिअसला तो २ चा सातवा घात, म्हणजे १२८ पट होतो. आपल्याकडचा मे महिना त्यापुढे काहीच नाही! भट्टीतील १,००० तास ५५ अंशांवरील सुमारे साडेचौदा वर्षांइतके भरतात. अवकाशातील प्रारणांचा मारा मात्र या भट्टीत कळत नाही. त्याची परीक्षा वेगळी.

दुसरा उपाय राखीव जोडीदाराचा. ०.९ संभाव्यतेची दोन यंत्रे ठेवली, तर दोन्ही बंद पडण्याची संभाव्यता ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ०.०१ उरते. पण हा गुणाकार दोन्ही बिघाड परस्परांशी संबंध नसलेले असतील तरच खरा. दोघांचा वीजपुरवठाच एक असेल तर? जून १९९७ मध्ये सोडलेला इन्सॅट-२ डी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वीजपुरवठ्यातील बिघाडाने निकामी झाला. त्याची उणीव भरून काढण्यासाठी भारताला कक्षेत आधीच फिरत असलेला अरबसॅट-१ सी घ्यावा लागला. त्याचे नवे नाव होते इन्सॅट-२ डीटी.