हरेल त्याची बाहुली

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेत एप्रिल १९६६ मध्ये एक खेळणीवाला अवतरला. ‘द सेलेस्टियल टॉयमेकर’ ही ती चार भागांची कथा. भूमिका मायकेल गॉफ यांची. वाट चुकून आपल्या जगात आलेल्यांना हा खेळणीवाला खेळायला लावतो आणि हरेल त्याची बाहुली करून ठेवतो.

खेळ सगळे बालपणीचे. आंधळी कोशिंबीर आहे, ठिकरीसारख्या उड्या आहेत. फक्त ठिकरीच्या घरांबाहेरच्या जमिनीत वीज खेळवलेली. एका खेळात सात खुर्च्या मांडलेल्या, त्यांतल्या सहा जीवघेण्या. मालिकेचा नायक डॉक्टर याचे सोबती स्टीव्हन आणि डोडो यांना यातून जिंकतच बाहेर पडायचे असते. शेवटच्या, ठिकरीच्या खेळात सिरिल नावाचा शाळकरी पोर, गोड बोलून सतत लबाडी करणारा, त्यांना पाडायला निसरडी भुकटी टाकतो आणि स्वतःच तिच्यावरून घसरतो. मागे उरते ती एक जळकी बाहुली. मुलांच्या मालिकेत इतके अंगावर येणारे दृश्य क्वचितच सापडेल.

डॉक्टरला मात्र अदृश्य करून वेगळ्याच पटावर बसवलेले असते. हा पट म्हणजे हनोईच्या मनोऱ्याचे एक रूप. जागा तीन, तुकडे दहा. एका वेळी एकच तुकडा हलवायचा आणि लहानावर मोठा ठेवायचा नाही. चाली कमीत कमी १०२३. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये हे कोडे प्रसिद्ध केले. काशीच्या देवळात ६४ सोन्याच्या चकत्या हलवणे चालू आहे आणि ते काम संपेल त्या दिवशी जगही संपेल, अशी कथा त्याला जोडली गेली. खेळणीवाल्याचा डावही तसाच आहे. शेवटची चाल झाली की त्याचे जग कोसळणार, आणि जिंकणाराही त्यातच गाडला जाणार. डॉक्टर आपल्या यानात शिरतो, खेळणीवाल्याचा आवाज काढून तुकड्याला हलण्याचा हुकूम सोडतो आणि निसटतो.

खेळणीवाल्याच्या चिनी पेहरावावर आणि ‘सेलेस्टियल’ या चिनी लोकांसाठी वापरल्या गेलेल्या जुन्या इंग्रजी शब्दावर पुढे वंशभेदाचा आक्षेप आला. तो रास्तच आहे. डिसेंबर २०२३ मधल्या ‘द गिगल’ या भागात खेळणीवाला नुसता ‘टॉयमेकर’ म्हणून, नील पॅट्रिक हॅरिसच्या रूपात परतला. तिथे तो साध्या चेंडूच्या झेलाझेलीत हरतो आणि घडी होऊन पेटीत बंद होतो.

१९६६ च्या चार भागांपैकी आज मूळ चित्रणासह फक्त शेवटचा भाग उपलब्ध आहे.