उत्तर बरोबर, पण येतंय का?

मुलाने गणित बरोबर सोडवलं म्हणून त्याला ते येतं, असं अनुभवी शिक्षक लगेच धरून चालत नाही. अंदाजपंचे उत्तरही कधी जुळतं, आणि पक्कं येणाऱ्याचीही नजरचूक होते. संगणकाने शिकवायचं तर हा संशय त्याच्यातही मुरवावा लागतो.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी तो चार आकड्यांत बसवला. लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणाऱ्या त्यांच्या प्रणालीत प्रत्येक कौशल्याचा हिशेब वेगळा ठेवला जाई: सुरुवातीलाच ते येत असण्याची शक्यता, एका सरावात ते शिकून होण्याची, न येता उत्तर जुळण्याची आणि येत असून चुकण्याची.

समजा, हे आकडे अनुक्रमे ३०, १०, २० आणि १० टक्के आहेत. अशी १०० मुलं घेऊ. ३० जणांना येतं. त्यांतले २७ बरोबर लिहितील. उरलेल्या ७० पैकी १४ जणांचा अंदाज लागेल. म्हणजे बरोबर उत्तरं ४१, पण खरं येणारे त्यांत २७, सुमारे ६६ टक्के. शिवाय सोडवता सोडवता काही जण शिकले असतील, म्हणून ६९. पुढचंही उत्तर बरोबर आलं की ९२, तिसऱ्याला ९८. मात्र दुसरंच उत्तर चुकलं, तर आकडा घसरून पुन्हा ३० वर येतो! एका चुकीची शिक्षा जबर वाटते खरी, पण दोन उत्तरांच्या पुराव्यावर याहून जास्त बोलणं धाडसाचंच. शक्यता ९५ टक्क्यांपर्यंत गेली की कौशल्य आलं असं धरून प्रणाली त्याचा सराव थांबवते.

हे गणित तसं सोपं आहे. खरी मेहनत विषयाचे तुकडे पाडण्यात. ‘अपूर्णांकांची बेरीज’ हे एकच कौशल्य धरलं, तर समच्छेद करता न येणारा आणि शेवटी संक्षेप द्यायला विसरणारा, दोघे एकाच रकान्यात पडतात. मग आकडा कितीही काटेकोर असो, पुढे कोणतं उदाहरण द्यायचं हे त्यातून कळत नाही.

मूळ प्रारूपात आणखी एक गृहीतक आहे: एकदा आलेलं विसरलं जात नाही. एका बैठकीतल्या सरावापुरतं ते चालून जातं. दिवाळीच्या सुट्टीनंतर परतलेल्या वर्गाला मात्र ते लावता येत नाही. म्हणून नंतरच्या काही प्रारूपांत विसरण्याचाही आकडा घातला गेला.