कॅसलरॉकला थांबलेली गाडी

कोरमंगलातली कितीतरी कुटुंबे सुट्टीत गोव्याला जायला यशवंतपूरहून वास्कोची गाडी पकडतात. हुबळी, लोंढा मागे पडते, कॅसलरॉक येते आणि गाडी घाट उतरू लागते. मुलांना दूधसागर पाहण्याची घाई असते. एके काळी हीच वाट बंद पडली होती, हे कुणाला आठवत नाही.

कॅसलरॉकच्या पुढे पोर्तुगिजांचे राज्य होते. लिस्बनमध्ये सालाझार 1932 पासून पंतप्रधानपदी बसला होता. हिटलर, मुसोलिनीच्या काळातला हा हुकूमशहा त्या दोघांनंतरही टिकून राहिला. फेब्रुवारी 1950 मध्ये भारताने गोव्याच्या भवितव्याबद्दल बोलणी करू या, असे कळवले. लिस्बनने साफ नकार दिला. 1951 मध्ये त्यांनी राज्यघटनाच बदलली आणि गोवा ही वसाहत नव्हे, पोर्तुगालचा सागरापलीकडचा प्रांत आहे, असे ठरवून टाकले. प्रांताबद्दल कसली बोलणी? जून 1953 मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली.

मग आर्थिक कोंडीचा मार्ग आला. 1954 पासून व्यापारावर आणि पैसे पाठवण्यावर बंधने आली. 15 ऑगस्ट 1955 रोजी सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण मारले गेले. त्या वर्षी रेल्वेही थांबली, सीमा बंद झाली.

आर्थिक कोंडी हा शब्द कागदावर सोपा वाटतो. गोव्याच्या स्वयंपाकघरात भाजीपाला बेळगावहून येई आणि कितीतरी घरांची चूल मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाच्या पैशावर पेटे. लग्नकार्याला, आजारपणाला, पलीकडे जायचे तर परवान्यासाठी खेटे घालावे लागत. ज्यांना सोडवायचे, त्यांच्याच ताटावर पहिला घाव बसला.

आणि सालाझार? त्याने हॉलंडहून बटाटे, पाकिस्तानातून तांदूळ, सिलोनहून चहा, जपानहून सिमेंट आणवले. दाभोळीला विमानतळ उभा राहिला. मुरगाव बंदरातून लोहखनिज जपानला जात राहिले आणि खाणवाल्यांची भरभराट झाली. सोने आणि घड्याळे चोरवाटांनी सीमा ओलांडू लागली ती वेगळीच. भाजीवाल्यावर बंदी बसली, खनिजाच्या बोटी मात्र सुखरूप! डिसेंबर 1955 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यासोबत काढलेल्या निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत म्हणूनच झाला. पोर्तुगाल नाटोत होता ना!

हे सारे नेहरूंना नवे नव्हते. ऑक्टोबर 1935 मध्ये मुसोलिनीने अबिसिनियावर स्वारी केली, तेव्हा राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध घातले, पण तेल आणि कोळसा वगळला, सुएझ कालवाही उघडाच ठेवला. मे 1936 मध्ये आदिस अबाबा पडले आणि जुलैत निर्बंध उठले. त्याच वर्षी मार्चमध्ये, कमलाबाईंच्या मृत्यूनंतर मायदेशी परतताना नेहरूंचा रोमला मुक्काम पडला. मुसोलिनीने भेटीला बोलावले. ते गेले नाहीत. अर्धवट निर्बंधांचे काय होते, हे पाहिलेल्या माणसालाच वीस वर्षांनी तसलेच हत्यार हाती घ्यावे लागले.

निदान वेळ तरी मिळाला. डिसेंबर 1960 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्यासह पोर्तुगालचे हे ‘प्रांत’ स्वयंशासित नाहीत, असे ठरवले. आफ्रिकेतले नवे स्वतंत्र देश भारताच्या बाजूने बोलू लागले. सालाझारची नैतिक बाजू जगात लंगडी पडली. पण तो हलला नाही.

शेवटी 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले. अखेरच्या माणसापर्यंत लढा, असा लिस्बनचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो मानला नाही. 19 तारखेच्या संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली. गोव्यातली चर्च, मंदिरे आणि घरे वाचली. मायदेशी परतल्यावर सालाझारने त्यांना लष्करातून काढून टाकले.

काही काळाने कॅसलरॉकहून गाडी पुन्हा घाट उतरू लागली.