विश्वसनीयता आणि सप्रमाणता : गुण तेच आले, पण निष्कर्ष बरोबर आहे का?

शैक्षणिक मापन शिकताना विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे दोन शब्द कायम जोडीने येतात. डी.एड., बी.एड.च्या पेपरात ‘फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो, आपण चार-चार मुद्दे लिहितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. पण एखाद्या चाचणीवरून मुलाबद्दल काही ठरवायची वेळ आली, की हा फरक थेट त्या मुलाला भोगावा लागतो. म्हणून तो आपल्या जवळच्या उदाहरणांवरून समजून घेऊया.

आधी साधा अर्थ

समजा, सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची गोणी काट्यावर ठेवली. काटा 48 किलो दाखवतो. तीच गोणी उतरवून पुन्हा ठेवली, पुन्हा 48. तिसऱ्यांदाही 48. हा काटा विश्वसनीय आहे. पण गोणी खरी 50 किलोची असेल आणि काटा दरवेळी 2 किलो कमीच दाखवत असेल तर? उत्तर दरवेळी एकच येतं, म्हणून विश्वसनीयता कायम आहे. खरं वजन मात्र कळत नाही, म्हणजे सप्रमाणता नाही.

आता काटा दुरुस्त केला. तो अचूक 50 दाखवतो. त्यावरून कुणी म्हणालं, “गोणी वजनदार आहे, म्हणजे हा कांदा चाळीत चांगला टिकेल.” इथे काट्याचा काहीच दोष नाही. वजनावरून टिकाऊपणा ठरवला, ही चूक आहे. सप्रमाणता नुसत्या साधनाची नसते, त्या साधनावरून आपण काढलेल्या निष्कर्षाची असते. चाचणीबाबतही अगदी हेच लागू पडतं.

विश्वसनीयता कशी काढतात?

तीन पद्धती नेहमीच्या आहेत. तीच चाचणी काही दिवसांनी पुन्हा देऊन दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध काढणे, ही चाचणी-पुनर्चाचणी पद्धत. सारख्या काठिण्याच्या दोन चाचण्या देणे, ही समांतर चाचणी पद्धत. आणि एकाच चाचणीतले सम क्रमांकाचे व विषम क्रमांकाचे प्रश्न वेगळे करून त्यांच्या गुणांचा सहसंबंध काढणे, ही अर्धविच्छेद पद्धत. शाळेत तिसरी सर्वात सोयीची, कारण चाचणी एकदाच घ्यावी लागते.

समजा, 40 गुणांच्या गणिताच्या चाचणीत सम-विषम भागांचा सहसंबंध 0.60 आला. पण हा अर्ध्या चाचणीचा आकडा झाला. पूर्ण चाचणीसाठी स्पिअरमन-ब्राऊन सूत्र वापरायचं : सहसंबंधाची दुप्पट भागिले एक अधिक सहसंबंध. म्हणजे 1.20 भागिले 1.60, उत्तर 0.75.

हा 0.75 वर्गात कशासाठी वापरायचा? त्यावरून मापनाची प्रमाण त्रुटी निघते. एकातून विश्वसनीयता वजा करा, त्याचं वर्गमूळ काढा आणि गुणांच्या प्रमाण विचलनाने गुणा. प्रमाण विचलन 8 असेल तर : 1 वजा 0.75 म्हणजे 0.25, वर्गमूळ 0.5, गुणिले 8, उत्तर 4. याचा अर्थ, 16 गुण मिळवणाऱ्या मुलाचे खरे गुण साधारण 12 ते 20 च्या दरम्यान असावेत, आणि तेही सुमारे तीनपैकी दोन वेळाच खरं ठरतं. आता विचार करा. 40 पैकी 14 ला उत्तीर्णतेची रेघ मारली, 15 वाला पास झाला आणि 13 वाला ‘अप्रगत’ ठरला. या दोघांत फरक आहे असं ही चाचणी खात्रीने सांगूच शकत नाही.

सप्रमाणता कशी तपासतात?

इथे एका सूत्रावर भागत नाही, पुरावे गोळा करावे लागतात. अभ्यासक्रमातल्या घटकांना योग्य प्रमाणात प्रश्न आहेत का, हे संविधान तक्त्यावरून बघतात, ती आशय सप्रमाणता. चाचणीचे गुण दुसऱ्या एखाद्या भरवशाच्या निकषाशी किंवा मुलाच्या पुढच्या कामगिरीशी जुळतात का, ती निकष सप्रमाणता. आणि जी क्षमता मोजतोय असं आपण म्हणतो तीच मोजली जाते का, ती संरचना सप्रमाणता. या शेवटच्या कल्पनेची सविस्तर मांडणी क्रॉनबॅक आणि मील यांनी 1955 मध्ये केली. आपल्याकडे खरी गोची याच ठिकाणी होते.

भाषा आडवी येते तेव्हा

सोलापूर शहरात विणकर पद्मशाली समाजाच्या घरांत तेलुगू बोलतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या सीमेलगतच्या तालुक्यांत कित्येक घरांत कन्नड चालते. यातली बरीच मुलं मराठी माध्यमात शिकतात. त्यांना असा प्रश्न आला :

‘एका मागावर दररोज 12 चादरी विणल्या जातात. आठवड्यातून एक दिवस माग बंद असल्यास आठवड्यात एकूण किती चादरी तयार होतील?’

गणित आहे 12 गुणिले 6, उत्तर 72. पण त्याआधी ‘असल्यास’ कळलं पाहिजे. बोलताना आपण ‘बंद असला तर’ म्हणतो, ‘असल्यास’ हे रूप बहुतेक पुस्तकातच भेटतं. ते निसटलं की मूल 12 ला 7 ने गुणतं आणि 84 लिहितं. गुणाकार बरोबर, गुण शून्य. पुढच्या महिन्यात पुन्हा अशीच चाचणी घेतली तरी त्याला पुन्हा कमीच गुण मिळतील. विश्वसनीयता उत्तम दिसेल! आणि आपण म्हणू, “दोन्ही वेळा कमी, म्हणजे हा गणितात कच्चाच आहे.” चाचणीने मोजली भाषा, शिक्का बसला गणितावर. मग उपचारात्मक वर्गात त्याला पाढे घोटायला बसवतात. ते त्याला आधीच येत असतात, आणि वाचनाचा सराव मात्र राहूनच जातो.

प्रथम संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत मुलाला एकट्याला समोर बसवून तपासतात. वाचनासाठी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी चढण असते. गणितात अंक ओळखणं, वजाबाकी आणि भागाकार थेट आकड्यांत विचारतात. वाचन आणि आकडेमोड वेगळी ठेवल्याने एकाची कमतरता दुसऱ्याच्या नावावर जात नाही.

धारवाडचा धडा

मराठी आणि कन्नड मुलांच्या मापनाचा प्रश्न आपल्या भागात जुनाच आहे. बिने आणि सिमाँ यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापन श्रेणी तयार केली. 1916 मध्ये टर्मन यांनी अमेरिकन मुलांसाठी तिची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली. ती आपल्या मुलांना जशीच्या तशी चालणार नव्हती. तेव्हा मुंबई प्रांतात असलेल्या धारवाडमध्ये व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी भाषिक मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. त्याविषयीचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1940 मध्ये आलं. हीच बिने-कामत चाचणी. नुसता अनुवाद पुरत नाही, ज्या मुलांसाठी चाचणी वापरायची त्यांच्यावरच ती तपासून मानके ठरवावी लागतात, हे त्यांच्या कामातून दिसतं.

पण मानकेही शिळी होतात. पिढ्यान्‌पिढ्या चाचण्यांवरचे सरासरी गुण वाढत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवलं. 1930 च्या दशकातल्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना केली तर त्याचा बुद्ध्यंक फुगलेला येऊ शकतो. मग ज्याला खरोखर मदत हवी, तो निकषाच्या बाहेर राहू शकतो. म्हणजे एकेकाळी सप्रमाण असलेली चाचणीही कायमची सप्रमाण राहत नाही.

वर्गात काय करता येईल?

1. शाब्दिक उदाहरणाबरोबर त्याच क्रियेचं आकड्यातलं उदाहरणही द्या. दोन्हींतले गुण वेगळे लिहा. मूल नेमकं कुठे अडतं ते लगेच दिसतं.

2. चुकलेलं उदाहरण मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि “काय विचारलंय?” ते त्याच्या शब्दांत सांगू द्या. घरच्या भाषेत सांगितलं तरी चालेल, वर्गमित्र अर्थ सांगतात.

3. गणिताच्या पेपरात ‘असल्यास’, ‘केले असता’ अशी रूपं टाळा. ती मराठीच्या पेपरात तपासा.

4. रेघेच्या आसपासच्या मुलांचा निर्णय एका चाचणीवर घेऊ नका. आठ-दहा दिवसांनी त्याच घटकावर दुसरी छोटी चाचणी घ्या, आणि तिच्यासोबत तोंडी काम आणि वहीही बघा.

5. प्रगतिपत्रकात ‘गणितात कच्चा’ लिहिण्याआधी, हे गणिताच्याच गुणांवरून म्हणतोय ना, हे तपासा. तसं नसेल तर ‘गुणाकार येतो, शाब्दिक उदाहरण वाचताना मदत लागते’ असं लिहा. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला सुरुवात कुठून करायची ते त्यातून कळेल.